मोहाखालची हाक

"बा, हाक दे ना," मोहाच्या झाडाकडे वळताना लेक म्हणाली. फुलं वेचायला जाताना लांबूनच ओरडायचं, म्हणजे झाडाखालचं अस्वल वाट सोडतं.

बापाचा हात कमरेला गेला, पण पट्टा रिकामा होता.

फौजेतून सुटून आला त्या वर्षी त्यानं अस्वलांच्या भीतीनं रिव्हॉल्वर घेतलं होतं. इथंच बायको हाक घालू लागली, तसा तो हसला. "आता कशाला ओरडतेस? हे आहे ना!" ती गप्पच पुढं गेली. मग झुडपात काळं काही हललं आणि त्यानं चाप ओढला. तिच्या अंगावर काळी घोंगडी होती.

शेवटी लेकच ओरडली, "हो... हो!" आवाज थेट आईचा.

झाडाखाली काहीच हललं नाही. वाट सोडली ती बापानं.