मानेमागची गाठ

मलेशियातल्या जोहोरहून सिंगापूरला कामावर जाताना आम्ही मोटारसायकलवाले जॅकेट उलटं घालतो. वाऱ्यापासून छाती झाकली जाते आणि नाड्या मानेमागे येतात. माझी बायको मलर पहाटे त्यांची एक सैल गाठ मारते. मग समुद्रावरच्या पुलावर हजारो गाड्यांत अडकलो, की मी हेल्मेटमध्ये मुरुगनचं भजन म्हणत राहतो.

सोमवारी गोदामात माझी नाडी सोडताना सोबत काम करणारा अझलान हसला. "गुणा, तीन गाठी! तू इकडेच राहशील अशी वहिनीला भीती वाटते की काय?"

घरी मलर म्हणाली, "मी एकच मारली होती, देवाशपथ."

मंगळवारी चार निघाल्या. बुधवारी पाच, आणि गळ्यावर वळ.

आज तिनं नाड्यांना हातच लावला नाही. "आजचा दिवस जाऊ नका ना."

"खाडा केला तर नोकरी जाईल गं."

पुलाच्या मध्यावर गाड्या थांबल्या. हँडलला हँडल लागलेलं, वळायला जागा नाही. तेवढ्यात मानेवर बोटं फिरली आणि नाडी आवळली.

"राहू द्या, दादा," मी मागच्याला म्हणालो.

"काय राहू द्या?" आरशात त्याचे दोन्ही हात हँडलवरच होते.

दुसरी गाठ बसली. तिसरी. मी हात मागे नेऊन ओढलं, पण एकही सुटेना. घाईघाईनं मी भजन धरलं. सहाव्या गाठीला श्वास अडला, आवाज गेला.

हेल्मेटमध्ये भजन मात्र चालूच राहिलं, माझ्याच आवाजात.