भुलीचं इंजेक्शन

शहर शत्रूच्या ताब्यात गेलं, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी बायकोला ठणकावून सांगितलं होतं, "त्यांच्यातला एक जरी माझ्या खुर्चीत बसला ना, तर भूल न देताच दाढ उपटीन. आपली तेवढीच देशसेवा."

आठवड्याभरात एक सैनिक आलाच, गाल सुजवून. बंदूक त्याने छत्र्या ठेवायच्या कोपऱ्यात नीट उभी केली आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. डॉक्टरांनी पक्कड उचलली, बंदुकीकडे पाहिलं आणि पक्कड खाली ठेवून इंजेक्शन भरलं. वर म्हणाले, "घाबरू नका हं, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

तो गेल्यावर बायकोने दारातून विचारलं, "झाली देशसेवा?"

"अगं, दोन इंजेक्शनं द्यावी लागली," डॉक्टर म्हणाले. "कातडीच जाड मेल्यांची."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा बेकरीवाला दाढ धरून आला. तो सैनिकांच्या छावणीत पाव पोचवतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. डॉक्टरांचं रक्त उसळलं. बेकरीवाल्याकडे बंदूकही नव्हती. त्यांनी भूल न देताच दाढ उपटली आणि म्हणाले, "गद्दारी अशी दुखते." वाक्य त्यांचं त्यांनाच फार आवडलं.

बेकरीवाल्याने कापसाचा बोळा दाबून धरला, डोळे पुसले.

"मी त्यांना रोज शिळाच पाव देतो, डॉक्टर," तो म्हणाला. "आज त्यांच्यातलाच एक सांगत होता, तुमच्याकडे अजिबात दुखत नाही. म्हणून आलो होतो."