सात नंबरचा आवाज

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा गहिनीनाथ मुकादम, ज्यांच्यावर त्याचा संशय होता अशा उमापूरच्या पाच बायकांना पुढे घालून, परळीतल्या शिवशरण यांच्या भांड्यांच्या दुकानाचा जिना चढला. वर माळ्यावर शिवशरण यांची मुलगी रोहिणी कॉम्प्युटरवर भजनांच्या कॅसेट तयार करून देत असे.

मुकादमाने खिशातून एक कॅसेट काढून टेबलावर आपटली.

"ही हितंच भरली?"

"हो."

"आवाज कुणाचा?"

"ते आमी सांगत नसतो."

आठ दिवस ती कॅसेट जिल्ह्यात जीपमध्ये, चहाच्या टपऱ्यांवर, पिठाच्या गिरण्यांत वाजत होती. जाड, घुमणारा, बाईचा पण कुणाचाच न वाटणारा आवाज सांगत होता, 'लेकरांची लग्नं लावून कोयता करू नका.' ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरत. एकटा पोरगा म्हणजे अर्धाच कोयता. मुकादमाला पुरे कोयते हवे असत. म्हणून हंगामाच्या तोंडावर मुहूर्तही न पाहता लग्नं उरकली जात. येत्या रविवारी उमापुरात पंधरा वर्षांच्या सुरेखाचं लग्न होतं. ते मुकादमानेच जुळवलं होतं.

सुरेखाची आई सरस्वतीबाई त्या पाच बायकांत तिसरी उभी होती. कॅसेटवरचा आवाज तिचा होता. रोहिणीने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"मूळ आवाज काढ," मुकादम म्हणाला.

"पुसला."

ते खरं होतं. मुकादम हसला.

"मला अडाणी समजू नको. तुज्याकडं गाणी भरणाऱ्या बँडवाल्यानं समदं सांगितलंय. आवाज बदलायचं सेटिंग तू नाव देऊन ठिवतीस. ते लाव. एकेकीला तेच बोलायला लावू. कॅसेटशी जुळली, की तिचा हिशेब मी बघतो."

रोहिणीने पडद्यावर यादी उघडली. सेटिंगं तिने एकेक करून जमवली होती. देऊळ, आरती, जत्रा. एखाद्या गायकाचा गळा बसलेला असला तर त्याच्यासाठी वेगळं. सातव्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. त्यात आवाज चार पट्ट्या खाली उतरे आणि मागे विहिरीसारखा घुमारा येई. तिने सातवर क्लिक केलं.

"रेकॉर्ड केल्याबिगर जुळवता येणार न्हाई," ती म्हणाली.

"मंग कर की. कावून थांबलीस?"

त्याने स्वतःच हेडफोन कानाला लावले. पहिली भिवराबाई माइकपुढे आली आणि पुटपुटली.

"मोठ्यानं!"

"काय म्हणायचं, मुकादम? इसरले."

"लेकरांची लग्नं लावून…"

"लगीन लावून लेकरं…"

"उलटं न्हाई गं! ऐक." मुकादम माइककडे वाकला आणि ठासून म्हणाला, "लेकरांची लग्नं लावून कोयता करू नका!" हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज घुमला तसा तो क्षणभर थबकला. "आयला! लई भारी वाटतंय की."

"कीर्तनकार झाला असता तुमी," साखराबाई मागून म्हणाली. बायका पदरात हसल्या.

साखराबाईला दुसरी ओळ जमेना. तीही त्यालाच म्हणून दाखवावी लागली.

सरस्वतीबाई पुढे आली. सरस्वतीबाईने पहिल्या दोन ओळी शाळेतल्या पोरीसारख्या सुरात, हेल काढत म्हटल्या. तिसऱ्या ओळीला ती अडली.

"पुढं काय हाय, मुकादम?"

"तुलाच म्हाईत नसंल?"

"मला कसं म्हाईत आसंल? मी कुठं कॅसेट ऐकलीय? घरात टेपच न्हाई."

त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिने नजर खाली केली नाही.

"पंधरा वर्साची पोर उसात पाठवू नका," तो दातओठ खात म्हणाला. "म्हण."

"असं रागानं म्हणायचं का मायेनं?"

"मायेनं!" तो ओरडला, आणि मग खरोखरच आवाज मऊ करून त्याने ती ओळ पुन्हा म्हणून दाखवली.

उरलेल्या दोघींनाही काहीच येत नव्हतं. तास गेला. रोहिणीने सगळ्यांचं वाजवून दाखवलं. सात नंबरमधून पाचही बायका सारख्याच ऐकू आल्या, कॅसेटवरच्या बाईसारख्या. मुकादमाने हेडफोन टेबलावर फेकले.

"तुज्या बापाच्या दुकानापुढं एक गिऱ्हाईक फिरकू देणार न्हाई," तो रोहिणीला म्हणाला.

"बघू."

"आन् रविवारचं लगीन हुनार म्हंजे हुनार."

तो दणदण पायऱ्या उतरला. बायका त्याच्या मागे निघाल्या. सरस्वतीबाई दारात थांबली.

"झालं का गं?"

"झालं."

गुरुवारी नेकनूरच्या बसस्टँडवर दुसरी कॅसेट वाजली, संध्याकाळी उमापुरात. ओळी त्याच आहेत, पण या वेळी रोहिणीने कोणतंही सेटिंग लावलेलं नाही. जाडी नाही, घुमारा नाही. तीन तालुक्यांत वीस वर्षं ओळखीचा असलेला एक पुरुषी आवाज आधी ठासून आणि शेवटी मायेने सांगतो, की पंधरा वर्षांची पोर उसात पाठवू नका. शनिवारी दुपारपर्यंत नवऱ्या मुलाच्या बापाने गहिनीनाथ मुकादमाकडे तीनदा निरोप धाडला: तुमीच नको म्हणताय, तर मांडव घालायचा का? उत्तर अजून आलेलं नाही.