गाणारीसाठी वाद्य

"आई, एक विचारते. पण हसायचं नाही हं."

आई मटार सोलत होती. लेकीने फोन खाली ठेवून तोंड उघडलं, म्हणजे चार्जर सापडत नसणार नाहीतर ती रात्री जेवायला नसणार, हे तिला पाठ झालेलं.

"विचार की."

"शनिवारी बाबांकडे आम्ही तो खेळ खेळतो ना, बाबा गोष्ट रचतात आणि आम्ही प्रत्येकजण त्यातलं एकेक पात्र होतो..."

"राक्षस आणि तलवारींचा? घोड्याएवढ्या माणसांची भातुकली ती!"

"आई, प्लीज! ऐक तरी. त्यात आता एक गाणारी येणारे. भटकी. गावोगाव हिंडते, गाते, गाण्याने भल्याभल्यांना भुलवते. तिच्या हातात वाद्य कुठलं द्यायचं? काहीही दिलं तर शोभणार नाही."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. शाळेतल्या वर्गभर बेसूर पोरांना एका सुरात आणणारी ही बाई, पण घरात तिला गाण्यातलं कुणी काही विचारल्याला जमाना झाला होता. आणि आज लेक आपणहून विचारत होती. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं तिला.

"वय काय तिचं?"

"पस्तिशी असेल. दिसायला छान."

"स्वभाव?"

"गोड. सगळ्यांना सांभाळून घेते. पण आतून खमकी."

आईने मान खाली घातली. गाणारी, सांभाळून घेणारी, आतून खमकी. वयात दहाएक वर्षांची सूट दिली होती पोरीने, पण ते लेकीचं प्रेम म्हणायचं. आपल्यावरूनच केलंय की काय हिने हे पात्र? वेगळं विचारायला कशाला हवं! आईला एवढा आनंद झाला, की तो दिसू नये म्हणून ती उगाचच टोपलीत हात घालून शेंगा चाळत बसली.

"मला बासरी वाटत होती," लेक म्हणाली.

"वेडी आहेस. फुंकणार की गाणार?"

"मग व्हायोलिन?"

"हनुवटी अडकवून ठेवल्यावर गाईल कशी? लोकांना वाटेल, दाढ दुखतेय."

लेक खळखळून हसली. आईला आणखी चेव आला.

"मोठं काही देऊ नकोस. ते जंगलातून वाहून कोण नेणार, राक्षस? मेंडोलिन दे. पाठीवर टाकलं की चालली. वाजवता वाजवता गाता येतं, आणि डोळे मोकळे राहतात. भुलवायला डोळेच लागतात बाई, सुरांचं नंतर."

"वा!" लेकीने फोन उचलला आणि भराभरा लिहायला लागली. "अजून?"

"नवंकोरं नको. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं असू दे. एखादी तार ऐन वेळी तुटते त्याची, पण ती गाणं थांबवत नाही. उरलेल्या तारांवर निभावून नेते. आणि ऐकणाऱ्यांना पत्ताही लागत नाही."

शेवटचं बोलताना तिचा आवाज जरा कापला. लेक लिहिण्यात होती.

"भारी आहे हे! पाठवते."

"पाठवते? कुणाला?"

"काकूला."

काकू म्हणजे तिच्या बाबांची दुसरी बायको. 'काकू म्हण' हे आईनेच सुचवलं होतं. पोरीच्या तोंडून तिसरंच काही ऐकायला नको म्हणून.

"तिला कशाला?"

"पात्र तिचंच आहे ना! ती पहिल्यांदाच खेळणारे. आणि गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नाही. बाबाच म्हणाले, तुझ्या आईला विचार, ती बरोबर सांगेल."

आईने पुढची शेंग घेतली. ती नखाने उघडेना, म्हणून दाताने उघडली. आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं. आज बीळही आपणच उकरून दिलं, वर मऊ माती घालून. स्वतःचाच असा राग आला तिला, की डोळ्यांत पाणी आलं.

फोन वाजला, काकूचा व्हॉइस मेसेज आला होता. लेकीने तो कौतुकाने आईच्या कानाशी धरला. आवाज खरंच गोड होता. "अगं, किती सुंदर! तुटलेल्या तारेचं वाचून तर काटा आला अंगावर. ताईंना थँक्यू सांग हं माझं. अगदी मी आहे तश्शीच ओळखली त्यांनी."

ताई. आईने डोळे पुसले.

"काय झालं गं?" लेक घाबरली.

आईला गप्प राहता आलं असतं. पण राहवलं नाही. "मला वाटलं, ती गाणारी मी आहे."

"तू?" लेक आधी गोंधळली, मग मोठ्या प्रेमाने आईला बिलगली. "अगं वेडाबाई, तू तर केव्हाचीच आहेस खेळात! बाबांनी अगदी सुरुवातीलाच घातलीय तुला."

"मी?"

"हो! पहिल्याच गावात खाणावळ आहे ना, तिथली बाई. सगळे लढाईला निघाले की शिदोरी बांधून देते. तुझ्यावरूनच केलीय, मी लगेच ओळखलं."

आईने शेंगांची टोपली बाजूला सारली.

"गाते का गं ती?"

"कोण, खाणावळवाली?" लेकीने खरोखरच आठवून पाहिलं. "काय माहीत. शिदोरी घेतली की आम्ही निघतोच."