वकीलबाईंचा निरोप

"वकीलबाई म्हनत्यात, फकस्त व्हय म्हना. लवकरच घरी याल."

सुंदरानं फोन कानाशी घट्ट धरला होता. काचेपलीकडं सिद्धनाथ, तिचा नवरा, दुसरा फोन धरून बसला होता. येरवड्याच्या तुरुंगात भेटीला मोजकीच मिनिटं मिळत. त्यातली निम्मी ख्यालीखुशालीत गेली होती.

निरोप साधा होता. हायकोर्टात त्याचं अपील पुढच्या आठवड्यात सुनावणीला निघणार होतं. 'मी मारलंच नाही' हे आठ वर्षांचं म्हणणं त्यानं सोडायचं. झटापटीत आपली काठी हवालदाराच्या डोक्यात बसली, जीव घ्यायचं मनात नव्हतं, एवढं कबूल करायचं. मग खुनाचं कलम उतरेल, भोगली तेवढी शिक्षा पुरे होईल, असं वकील उत्कर्षाबाईंना वाटत होतं. त्यासाठी त्याची सही हवी होती.

आठ वर्षांपूर्वी घोटावड्याच्या माळाला तारेचं कुंपण घातलं गेलं, तेव्हा मेंढरं चारण्यावरून भांडण पेटलं. दहा-बारा काठ्या उगारल्या गेल्या. सोडवायला आलेला हवालदार कोसळला तो उठलाच नाही. सिद्धनाथ सांगत राहिला, मी त्याला उचलायला वाकलो होतो. कोर्टानं त्याच्या अंगावरचं रक्त पाहिलं आणि जन्मठेप दिली.

मेंढरं विकली गेली. सुंदरा आता एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायची. त्याच्या घोंगड्यातला त्याचा वास तिसऱ्या वर्षीच उडून गेला. नंदा जन्मली ती त्याला पकडून नेल्यावर. बाप म्हणजे तिला काचेमागचा माणूस. सुंदराला फार काही नको होतं. संध्याकाळी त्यानं दारात टेकावं, 'पानी दे' म्हणावं, आणि तांब्या देताना त्याची बोटं आपल्या बोटांना लागावीत.

"सुंदरा," तो म्हणाला, "त्यो हवालदार बी कुनाचा तरी धनी हुता. न्हाई केलेलं माज्या नावावर कसं घिऊ?"

"नंदा रोज इचारतीया, आबा कवा येनार. काय सांगू तिला?"

"सांग, आबानं न्हाई मारलं. म्हून हितं हाय."

सुंदराचा धीर सुटला. "अवं, मारलं असलं तरी मी कवा काय बोलले का? जातो हात मानसाचा! मला तुमी घरी पायजे, बास."

सिद्धनाथनं मान वर केली.

"म्हंजी तुला बी वाटतंय, मीच मारलं?"

सुंदरानं तोंड उघडलं. 'न्हाई' एवढाच शब्द हवा होता. तो सापडायला तिला वेळ लागला. मागून शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं.

सिद्धनाथ उठला. फोन मात्र अजून कानालाच होता.

"बाईंना सांग, कागद घिऊन या," तो म्हणाला. "करतो सही. आता कुनासाठी अडून बसू?"