देवीचा कौल

विधवा ठमाबाईनं थळच्या देवळात कौल लावला. हवा बिघडलेली असताना एकुलत्या लेकाला दर्यात धाडू का, असं तिनं देवीला विचारलं. देवळाचा पुजारी बाबाजी गुरव, त्याच्या दोस्ताला शिडाच्या होडीवर माणूस कमी पडत होता. देवीच्या मूर्तीला चिकटवलेल्या कळ्यांपैकी उजवी पडली की होकार, म्हणून बाबाजीनं ती मुद्दाम जेमतेम चिकटवली. कळी पडली. पोरगा गेला, तो परतलाच नाही.

बाबाजीच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी सगळं सांगून टाकायला तो ठमाबाईच्या दारात गेला.

त्याला पाणी देत तीच म्हणाली, "माझ्या मनानं त्याला धाडलं असतं, तं मी जीव दिला असता, दादा. देवीनं धाडलं, म्हणून जगतंय."

बाबाजी खाली बघत म्हणाला, "व्हय बाय, देवीनंच."