मोकळा पिस्टन

कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि मोकळा पिस्टन सुर्रकन पुढे सरकला. त्याच्या समोरचा, गंजलेला, जागचा हलला नाही. योगेंद्रने मोकळा पिस्टन अंगठ्याने आत ढकलला, पुन्हा हवा सोडली. पुन्हा तोच पुढे आला. सकाळपासूनची ही सातवी खेप.

ब्रेकचा हा कॅलिपर पंच्याहत्तर सालातल्या इंग्लिश मोटरसायकलचा. चकतीच्या दोन्ही बाजूंना एकेक पिस्टन, एकमेकांकडे तोंड करून बसलेले. गाडीचे मालक महेशभाई जुन्या गाड्यांचे भारी शौकीन, पण ही गाडी अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिली आणि दोघांतला एक पिस्टन कायमचा रुसला. पकडीने ओढावा तर ओरखडा पडणार, आणि ओरखडलेला पिस्टन भंगारात जाणार. नवा हवा असेल तर विलायतेकडे तोंड करायचं.

दिंडोलीतल्या या गॅरेजात माणसं तीन. धुडकूआप्पा आणि त्यांचे दोन मुलगे. आप्पांनी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये तीस वर्षं ऑइलमनचं काम केलं, म्हणजे यंत्रांना तेल-ग्रीस पाजलं. मिल सोडल्यावर त्यांनी धाकट्या योगेंद्रच्या हुशारीवर गॅरेज काढलं. योगेंद्रच्या हाताला विलक्षण चपळाई. गिऱ्हाइकाने गाडी स्टँडवर लावेपर्यंत याने सीट उघडलेली असायची. थोरला भूपेंद्र बत्तीस वर्षांचा, पण गॅरेजात पाहुण्यासारखा वावरायचा. मिलमधलं त्याचं कापडाच्या घड्या घालायचं खातं बंद पडलं आणि दोन वर्षांपूर्वी तो इथे आला. तेव्हापासून तो फक्त सुटे भाग पुसत होता. त्याने पाना उचलला की योगेंद्र म्हणायचा, "राहू दे दादा, मी करस." गिऱ्हाइकाने त्याला काही विचारलं तर उत्तरही योगेंद्रच द्यायचा.

मुलगा गुणाचा आहे, पण या कामाचा नाही, असं आप्पांनी ठरवून टाकलं होतं. ओळखीच्या सुपरवायझरकडे त्यांनी शब्द टाकला होता आणि उद्यापासून भूपेंद्र पलसाण्याच्या डाइंग युनिटमध्ये बारा तासांच्या पाळीवर जाणार होता. तिथल्या वाफेने त्याची छाती भरून येते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भूपेंद्र नाही म्हणाला नाही. सकाळी त्याच्या आईने, उषाबाईंनी, उद्यासाठी लेकाचा डबा घासून उपडा घातला आणि नवऱ्यासमोर चहाचा कप आदळला. आप्पांच्या जिवालाही ते लागलं होतं. पण बत्तीस वर्षांच्या माणसाने आयुष्यभर फडकंच मारायचं का?

आठव्यांदा हवा सुटली तेव्हा आप्पा उठले. कॉम्प्रेसर बंद करायला लावून त्यांनी आपली जुनी ग्रीसगन काढली. हवा घाई करते, पिस्टन गोळीसारखा उडवते. ग्रीस हळू चालतं, पण त्याचा जोर भल्याभल्यांना हलवतो. मिलच्या जाम झालेल्या बेअरिंगांनी त्यांना एवढं शिकवलं होतं. त्यांनी ब्रेकच्या नळीच्या भोकात ग्रीस भरायचं निपल बसवलं आणि दोन दाब दिले. पुन्हा मोकळाच पिस्टन पुढे आला.

आप्पा गालात हसले. लाकडाचा तुकडा आणि शिकंजा त्यांनी योगेंद्रच्या हातात दिला.

"जो मोकया शे त्याले दाबी धर. तो हालस तवलोंग सारा जोर त्यानाकडेच जास."

योगेंद्रने मोकळ्या पिस्टनवर शिकंजा आवळला आणि तो सटकू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला. कॅलिपर आप्पांनी टेबलावर दाबून धरला. आता ग्रीसगन चालवायला उरला भूपेंद्र. इकडेतिकडे बघत त्याने ती उचलली.

"दादा, जोरमा मार," योगेंद्रला राहवेना. पण हात अडकलेले होते. भूपेंद्रने ऐकलंच नाही. एक दाब द्यायचा, थांबायचं, कान देऊन ऐकायचं, मग दुसरा. अकराव्या दाबाला आतून कट् असा आवाज आला. गंजाचं कडं तुटलं आणि रुसलेला पिस्टन ग्रीस लेवून सावकाश बाहेर आला. अंगावर एक ओरखडा नव्हता.

आप्पांनी तो उचलायला हात पुढे केला, पण भूपेंद्र आधीच वाकून आतल्या खाचेत बघत होता. तिथलं जुनं रबरी सील काढून पितळी तारेने त्याने मागचा पांढरा थर खरवडला. हा थर सीलला मागून फुगवतो, म्हणून पिस्टन आवळला जातो. नुसतं नवं सील घातलं असतं तर महिन्याभरात गाडी परत आली असती, असं तो आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला. योगेंद्र शिकंजा धरून बघतच राहिला. हे त्यालाही माहीत नव्हतं.

तुला हे कोणी शिकवलं, असं आप्पांनी विचारलं.

"दोन वरीसपाईन पुसी राहिनू ना, आप्पा. पुसता पुसता दिसस."

आप्पांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. ते बाहेर ओट्यावर गेले आणि त्यांनी पलसाण्याला फोन लावला. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सुपरवायझरची माफी मागितली, माणूस मिळणार नाही म्हणून सांगितलं. आत आले तेव्हा भूपेंद्र अजून तीच खाच साफ करत होता आणि त्याच्या तोंडावर, कितीतरी दिवसांनी, हसू होतं.

फोनवरचं बोलणं योगेंद्रने ऐकलं होतं. तोही मनापासून खूश झाला. त्याने शिकंजा सोडला, हात पुसले आणि भावाच्या हातातली तार घेत म्हणाला, "बरं करं आप्पा. आते दादाले मी सगळं शिकाडसू."

आप्पांनी सुटलेल्या शिकंज्याकडे एकदा बघितलं आणि ती तार त्याच्या हातातून काढून भूपेंद्रला परत दिली.

"तू बायकोले संगे लिसन पंधरा दिन सासरवाडीले राही ये."